चाक तेच, धाव रुंद

कवडूभाऊला बंडी दिसायच्या आधी ऐकू यायची.

ब्रह्मपुरीकडून येणारा रस्ता वैनगंगेच्या घाटावर संपतो आणि वाळू लागते, तिथे त्याचं छप्पर होतं. छपराला लागून आमच्या शेटजींचा लाकडाचा डेपो, आणि मी त्या डेपोवर मुनशी. बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, अजून वळणावरच्या चिंचेपलीकडे असायची आणि हा हातातलं हत्यार खाली ठेवून कान टवकारायचा. "डावं चाक. धाव सैल झाली," म्हणायचा आणि रस्त्यात जाऊन उभा राहायचा. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते, ती धाव. बंडी जवळ आली की हा ना बैलांकडे बघायचा, ना गाडीवानाकडे. खाली बसून चाकावर हातोडीचा एक टोला द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. घट्ट धाव खणखणीत बोलायची. सैल धावेचा आवाज तडा गेलेल्या मडक्यासारखा यायचा, आणि मग गाडीवान कितीही घाईत असला तरी त्याला बैल सोडावेच लागायचे.

धाव आणि लाकूड यांच्यामध्ये बांबूच्या पाचरी ठोकून झाल्या की गाडीवान हमखास विचारायचा, "कवडूभाऊ, पोचन का?"

हा चाकावर थाप मारून म्हणायचा, "पोचन! कवडूनं हात लावलेलं चाक हाय."

हे तो अगदी तोऱ्यात म्हणायचा. विनय वगैरे भानगड त्याच्याकडे नव्हती. घाटावरून जाणारा-येणारा प्रत्येक माणूस आपल्याहून अडाणी आहे याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि त्या प्रत्येकात मीही आलोच.

एकदा एक वरात नदीपलीकडे निघाली होती. मुहूर्त जवळ आलेला, वाजंत्री पुढे वाळूत उतरलेली, नवरदेव बाशिंग बांधून बंडीत बसलेला. कवडूभाऊनं टोला दिला आणि नवरदेवाला खाली उतरवलं. नवरदेवाचा बाप भडकला. "अगा, मुहूर्त टळून राह्यला ना!"

कवडूभाऊ चाकाशी बसूनच म्हणाला, "मुहूर्त टळला त भटजी दुसरा काढते. वाळूत चाक निखळलं त भटजी येते का खांदा द्याले?"

नवरदेव बाशिंग सावरत माझ्या खुर्चीवर येऊन बसला. मी त्याला पाणी दिलं. बाहेर, नवरदेवाला न्यायला आलेली सासऱ्याची माणसं आणि बापाची माणसं मिळून कवडूभाऊला शिव्या देत होती, आणि तो कुणाचं ऐकत नव्हता. पुढे तोच नवरदेव दर साली नव्या धानाचे पोहे घेऊन त्याच्याकडे येत असे. कवडूभाऊ पोहे ठेवून घ्यायचा आणि त्याच्या बंडीच्या चाकांना नावं ठेवायचा.

हे नाव त्याला कसं पडलं ते त्यानंच मला सांगितलं होतं. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हा जन्मला त्याच दिवशी सुईणीला एका कवडीला विकला आणि परत विकत घेतला. म्हणजे मूल आपलं नव्हेच, नेणाऱ्याचं लक्ष जायला नको. युक्ती त्याच्यापुरती लागू पडली. पण त्याच्या स्वतःच्या घरात पुन्हा तेच सुरू झालं. बायकोला मुलं होत गेली आणि जात गेली. शेवटी एक मुलगी तेवढी राहिली, धुरपता. मग बायकोही गेली. गावात कुजबुज होती की त्या घराची भुईच लेकरं खाते. कुजबुज त्याच्या कानावर होती, आणि मला वाटतं, एरवी कुणाचंही न ऐकणाऱ्या त्या माणसानं ही एक गोष्ट मनातून खरी मानली होती.

धुरपता नदीपलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका गावात दिली होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बापाला जेवण घेऊन आली होती आणि तो जेवायचा सोडून तिच्या पायातला काटा काढत बसला होता. जगातल्या सगळ्यांवर गुरगुरणारा हा माणूस तिच्याशी मात्र खालच्या आवाजात बोलायचा, जागी होईल की काय अशा बेतानं.

तिचं पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं ठरलं. माहेरच्या त्या घरात नको, हे सासरच्यांचंही म्हणणं आणि कवडूभाऊचंही. पण कळा लागल्या आणि सुईणीनं हात टेकले, तेव्हा तिला बंडीत घालून ब्रह्मपुरीच्या दवाखान्याकडे निघाले. आमच्या जिल्ह्यात (तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती, सगळा चांदाच) नदीच्या त्या बाजूला औषधाची बाटली मिळायची पंचाईत. उन्हाळ्यात नदीचं पाणी आटून दोन धारा उरतात आणि मध्ये नुसती वाळू. त्या वाळूत बंडी रुतली. बैल गुडघ्यावर आले. मूल तिथेच वाळूत झालं आणि रडलंच नाही. कवडूभाऊ अलीकडच्या काठावर वाट बघत उभा होता. त्याला बंडी दिसत होती, नुसती हलत नव्हती एवढंच.

त्या दिवसापासून त्याला वाळूचा ध्यास लागला. दुसरा शब्द नाही.

धानाच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, चिखलात जाणाऱ्या बंड्यांना तो पूर्वीपासून रुंद धाव चढवून द्यायचा. अरुंद लोखंड चिखल कापत खाली जातं, रुंद लोखंड चिखलावर बसतं, हे आमच्या झाडीपट्टीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्यासाठी नवं चाक करायची गरज नसते. जुन्याच चाकावर रुंद पट्टी चढवायची, ती दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर राहिली तरी चालते. ते चढवणं बघण्यासारखं असायचं. गोवऱ्यांच्या गोल आगीत धाव लाल होईस्तोवर तापवायची, सांडशीनं चौघांनी उचलून चाकावर घालायची, लाकूड पेटायला लागलं की घागरीनं पाणी ओतायचं. वाफेचा एकच फुत्कार होऊन लोखंड आकसायचं आणि लाकडाला असं आवळायचं की चाकाचे सांधे करकरायचे. वाफेतून कवडूभाऊचा आवाज यायचा, "चाक तेच, धाव रुंद! आता सोडत नाई ते."

तर वाळूसाठी त्यानं जावयाच्या बंडीला घाटावरची सगळ्यात रुंद धाव चढवून दिली. बंडी इतकी जड झाली की बैल कोरड्या रस्त्यावरच थकू लागले. कवडूभाऊ वाळूकाठी बसून विचार करत राहिला.

अशात शेटजींनी लढाईतली जुनी जीप आणली. जीप चालवायला रहीमभाई नावाचा नागपूरकडचा ड्रायव्हर आला. सगळा घाट जीप बघायला लोटला. कवडूभाऊ सवयीनं पुढे झाला आणि त्यानं चाकावर हातोडीचा टोला दिला. हातोडी उसळून त्याच्याच गुडघ्यावर आली. लोक हसले, तसा तो चिडला.

"काय भरलं हाय यात?"

"हवा," रहीमभाई म्हणाला.

"नुसती हवा? अन तिच्या भरोशावर बायालेकरं बसवता? हवा सुटली का मंग?"

रहीमभाई हसून म्हणाला, "नहीं सुटती, भाऊ."

हा प्रश्न त्यानं पहिल्याच दिवशी विचारला होता, हे मी विसरू शकत नाही. पण नंतर त्याच जीपला त्यानं वाळूत जाताना पाहिलं. रुतली तीही, पण बंडीच्या कितीतरी पुढे जाऊन रुतली. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "मुनशीजी, याले रुंद धाव पायजे."

मग त्यानं रहीमभाईचं डोकं खाल्लं. अखेर नागपूरला लष्करी भंगाराच्या ढिगात रहीमभाईला मोठ्या गाडीचे टायर सापडले. भोक जीपच्या चाकाएवढंच, अंगानं मात्र दीडपट. शेटजी तयार झाले ते वेगळ्याच कारणानं. माघ महिन्यात आमच्याकडे पट भरतो, बैलजोड्या धावतात. त्या काळात पट संपला की दुसऱ्या दिवशी त्याच मोकळ्या बांध्यांत ठेकेदार, राइसमिलवाले आणि जंगल खात्यातले हौशी साहेब आपापल्या जिपा पळवायचे. धुरे, म्हणजे बांध, फोडून सपाट केलेलं शेत, त्यात वाळू भरलेली डांबराची पिंपं मांडलेली. प्रत्येकानं एकेकट्यानं पिंपांमधून नागमोडी जायचं, शेवटच्याला वळसा घालून परत यायचं, आणि पाटलानं हातातल्या घड्याळावर वेळ बघायची. बक्षीस फेटा आणि नारळ. शेटजी दर साली हरायचे आणि वर्षभर कुढायचे. वळणाची जागा तळ्याच्या पाझरामुळे ओली असायची आणि सगळ्यांच्या जिपा तिथेच घसरायच्या.

कवडूभाऊ त्यांना म्हणाला, "शेटजी, तुमाले फेटा मी जिकून देतो. मले एकच पायजे. माही धुरपता पुन्यांदा पोटुशी हाय. तिच्या येळेले ही गाडी वाळूत घाला."

शेटजी म्हणाले, "जिंकलो तर गाडी तुझी समज."

टायर चढवायचं काम त्याच्याच छपरात झालं. मी बघायला गेलो होतो. जीपच्या लोखंडी चाकाच्या कडा अरुंद आणि टायर ऐसपैस, त्यामुळे टायरच्या दोन्ही ओठांना दाबून आत घ्यावं लागत होतं आणि मधलं अंग फुगून वर येत होतं. पूर्ण हवा भरली की टायर नुसत्या मधल्या भागावर उभा राहायचा. तेव्हा कवडूभाऊनं हवा सोडायला लावली. थोडी, अजून थोडी, टायर जमिनीवर आडवा पसरेपर्यंत. मडगार्ड घासत होते ते कापले. रहीमभाई डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ, चांद्याचा मिस्त्री सांगत होता, रुंद टायरला रिम पण रुंद लागते. और हवा कम की तो—"

"चांद्याच्या मिस्त्रीनं कितीक बंड्या वाळूतून काढल्या?" कवडूभाऊनं विचारलं. "चाक तेच ठेव. धाव बदलली का झालं."

जाता जाता त्यानं जीपच्या मागे लटकवलेलं जादा चाकही काढून टाकलं. उगाच ओझं. रहीमभाईनं हरकत घेतली तर म्हणाला, "बंडीले कुठी जादा चाक असते गा?" ते चाक, जुन्या अरुंद टायरसकट, त्याच्या छपराच्या खांबाला टेकून राहिलं.

पटाच्या दिवशी मी शेटजींबरोबर होतो. राइसमिलवाल्याची जीप ओल्या वळणावर जाऊन पिंपाला धडकली. जंगलसाहेबांची तिथल्या तिथे गोल फिरली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मग आमची निघाली. बोजड दिसत होती, मोठ्या माणसाच्या वहाणा घातलेल्या पोरासारखी, आणि लोक हसतही होते. पण ओल्यात शिरली आणि घसरलीच नाही. चिखलावर बसून वळली. शेवटच्या पिंपाला वळसा घालताना पुढच्या टायरनं एक किंचाळी फोडली एवढंच. रहीमभाईनं गाडी आणून उभी केली तेव्हा पाटलानं घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं.

शेटजींनी डोक्यावरचा फेटा काढून कवडूभाऊच्या डोक्यावर ठेवला. इतका आनंदलेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे. तो फेट्यासाठी आनंदला नव्हता. तो तळ्याकडे पाठ करून नदीच्या दिशेला बघत होता.

त्याच संध्याकाळी त्याला दिसलं की ज्या टायरनं किंचाळी फोडली होती, त्याची हवा भरायची नळी तिरकी झाली आहे. म्हणजे टायर रिमवर सरकला होता. तो हे लगेच ओळखू शकला, कारण सैल धाव ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. आणि सैल धावेवरचा उपायही त्याला माहीत होता. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, धाव खेळायला लागते, तेव्हा काय करतात? गोणपाट भरतात आणि पाचरी ठोकतात. त्यानं टायरचा ओठ आणि रिमची कड यांच्यामध्ये गोणपाटाची पट्टी भरली आणि वरून बांबूच्या पातळ पाचरी बसवल्या. एकेक चाक, सगळी चारही. मग टोला दिला. आवाज काही आला नाही, पण टायर हलला नाही. "बसली," तो म्हणाला.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. रहीमभाईलाही दिसलं नाही, किंवा दिसूनही त्यानं जिंकलेल्या माणसाशी वाद घातला नाही.

बेत असा होता की अक्षय तृतीया झाली की धुरपताला जीपमधून आणून ब्रह्मपुरीत दवाखान्याजवळ एका ओळखीच्या घरी ठेवायचं. कवडूभाऊच्या घरात पाऊलही टाकायचं नाही. त्याआधीच एका सकाळी तिचा दीर वाळू तुडवत आला. कळा लागल्या होत्या आणि मागच्यासारखंच अडलं होतं. शेटजी शब्दाला जागले. त्यांना स्वतःला चांद्याला जायचं होतं, ते राहिले. रहीमभाई आणि कवडूभाऊ निघाले आणि मी घाटावर उभा राहिलो.

जीप वाळूतून काय गेली म्हणून सांगू! जिथे बैल गुडघे टेकायचे, जिथे माणसाचा पाय पिंढरीपर्यंत जातो, तिथून ती नावेसारखी गेली. उन्हं चढायच्या आत परतही आली. मागे चटईवर धुरपता पडलेली, तिचं डोकं सासूच्या मांडीवर आणि एक हात जीपच्या लोखंडी दांडीला घट्ट धरलेला. चेहरा घामानं भिजला होता, पण ती शुद्धीत होती. मला बघून तिनं पदर सावरायचा प्रयत्न केला. कवडूभाऊ पुढे अर्धा उभा राहून ओरडत होता.

"पाह्यलं का मुनशीजी! वाळू पाह्यली का!"

घाट चढल्यावर रहीमभाईनं गाडी हळू केली. पक्का रस्ता लागला होता आणि पंपानं हवा भरून घ्यावी असं त्याचं म्हणणं होतं. हातपंपानं चार टायर भरायचे म्हणजे चांगला वेळ जाणार. आत धुरपता कण्हली. कवडूभाऊ म्हणाला, "थांबू नको. धाव बसली हाय. चाल तू."

त्या जागी कोणता बाप थांबा म्हणाला असता, ते मला माहीत नाही.

मी कामाला लागलो होतो, तोच रहीमभाई पळत आला. एकटाच, घामानं निथळत. तो छपराच्या खांबाला टेकलेल्या जादा चाकाकडे धावला आणि मला कळलं. तळ्यापलीकडच्या वळणावर पुढचा टायर रिममधून निघून पडला होता. पाचरीनं आतली ट्यूब फाडली होती. जीप खड्ड्यात जाऊन टेकली होती. उलटली नव्हती, कुणाला खरचटलंही नव्हतं. फक्त पुढे जाता येत नव्हतं.

आम्ही दोघं ते चाक ढकलत निघालो. चैत्रातलं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ते अरुंद चाक रस्त्यावर असं सरळ, असं सुरेख पळत होतं की मला त्याचा राग येत होता. रहीमभाई पळता पळता स्वतःशीच बोलत होता, "मैं बोला था हवा भरते, मैं बोला था." आणि लगेच, "मेरेको थांबायचं होतं, मैं थांबलो नाही."

जीप खड्ड्यात तिरकी उभी होती. तिच्यात कुणी नव्हतं. जवळच्या शेतातल्या माणसानं सांगितलं की एक बंडी आली, तिच्यात घालून नेलं. रहीमभाई चाक बदलायला खाली बसला. मी पुढे चालत राहिलो. मला बंडी लांबून दिसली. रस्त्यावर, मोहाच्या झाडाखाली उभी होती, आणि बैल सोडलेले होते.

बैल सोडलेले पाहिल्यावर मी चालायचा वेग कमी केला. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सासू बंडीत बसून रडत होती. धुरपता गेली होती, आणि मूलही पोटातच राहून गेलं होतं. कवडूभाऊ खाली धुळीत, चाकाला पाठ लावून बसला होता. त्याचा एक हात वर जाऊन चाकाच्या आऱ्यावर होता. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा तो म्हणाला, "माहंच चाक हाय. मागच्या साली मीच केलं होतं."

मी चाकाकडे पाहिलं.

"चांगलं चाललं," तो म्हणाला. "कुठी अडलं नाई, सुटलं नाई. पन हळू चाललं, मुनशीजी. लई हळू चाललं."

त्यानंतर माणसं त्याच्याकडे येत राहिली. सगळ्यांचं बोलणं एकच. त्या घरचं नशीबच तसं, नेणारा नेतोच, कवडीला विकून एक वाचला तेवढाच, तू तरी काय करणार. बोलणाऱ्यांच्या मनात दयाच होती. मला ती दया सहन व्हायची नाही. कारण मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याला त्यातलं काही नको होतं. हे माझ्या हातानं झालं, असं एखाद्यानं तरी म्हणावं याची तो वाट बघत होता. आणि त्याच्या हातानं काही झालं, इतकी योग्यताही त्याला कुणी द्यायला तयार नव्हतं. रहीमभाईला त्यानं विचारलं, तर तो रडायला लागला. मला विचारलं, तर मी म्हणालो, "कवडूभाऊ, आता कशाला?"

मग एक दिवस तो चांद्याला त्या मिस्त्रीकडे गेला. पाहिलेला नव्हता, नुसता ऐकलेला. मिस्त्रीनं त्याला ग्राहक समजून सगळं समजावून सांगितलं. रिम आणि टायर समोर ठेवून दाखवलं. लोखंडी धाव गार होताना आतल्या आत आकसते आणि चाकाला धरते. रबराचं उलट. तो धरतच नाही. आतली हवाच त्याच्या ओठांना बाहेर रिमच्या कडांवर दाबून ठेवते. हवा कमी केली की धरणारं कुणी नाही. वाळूत, चिखलात चालून जातं, कारण जमीनच मऊ असते. पक्क्या रस्त्यावर वळण आलं की खालची जमीन टायरला एका बाजूला खेचते, आणि अरुंद रिमवर तो उभ्या उभ्या निसटतो. पाचर ठोकली तर ओठ कडेवर टेकतच नाही.

कवडूभाऊनं हे मला शब्दाला शब्द सांगितलं. धावेच्या पट्टीवर दोन हातांची बोटं वाकवून टायरचे ओठ करून दाखवले. सांगताना त्याचा आवाज अगदी शांत होता. शेवटी म्हणाला, "तेनं बरोबर सांगतलं. मले समजलं." आणि मग, "पह्यल्याच दिवशी म्या इचारलं होतं ना, हवा सुटली का मंग? मीच इचारलं होतं."

मला वाटलं होतं की कारण कळल्यावर माणसाचं ओझं थोडं हलकं होतं. तसं काही होत नाही. नशिबावर ढकलायची जागा तेवढी बंद होते.

शेटजींनी जुने टायर पुन्हा चढवले. रुंद टायर छपरामागे पडून राहिले, त्यांच्यात पावसाचं पाणी साचलं, आणि मग कुणीतरी कापून वहाणांसाठी नेले. कवडूभाऊनं विरोध केला नाही. त्यानं नवीन चाक केलं नाही. कुणी धाव चढवायला आलं तर म्हणायचा, "आरमोरीले जा." गोवऱ्यांची राख असायची ती जागा पावसानं धुऊन निघाली. बंड्या यायच्या, जायच्या. तो छपराखाली बसलेला असायचा आणि डोकं वर करत नसे. त्याला ऐकू येत होतं, हे मी खात्रीनं सांगतो. सैल चाक जवळ आलं की त्याच्या मानेची शीर हलायची.

राज्यांची फेररचना होऊन आम्ही मुंबईकडे जोडले गेलो, त्याच सुमाराला शेटजींनी डेपो उचलून बल्लारपूरकडे नेला. मी जायला निघालो त्या दिवशी निरोप घ्यायला त्याच्याकडे गेलो. त्यानं मला बसायला गोणपाट दिलं. मी बल्लारपूरच्या हवेबद्दल काहीबाही बोललो.

तेवढ्यात वळणाकडून एक बंडी आली. तिचं चाक मलाही ऐकू येत होतं, इतकं ते वाजत होतं. गाडीवान तरुण होता. छपरासमोर येऊन त्यानं बैल थांबवले आणि हाक मारली, "कवडूभाऊ, वाळू पार कराची हाय. धाव सैल झाली वाटते. पोचन का गा?"

कवडूभाऊ हळूहळू उठला. हातोडी खांबाला टांगलेली होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. तो बंडीजवळ गेला, पण चाकाशी बसला नाही. बंडीच्या कडेला धरून त्यानं टाचा उंचावल्या आणि आत डोकावून बघायचा प्रयत्न केला.

"आत कोन हाय?" त्यानं विचारलं.

"कोनी नाई. तनीस हाय, धानाचं."

त्यानं हात आत घालून चाचपून पाहिलं. खरंच तणसच होतं, धानाचा वाळका पेंढा.

"मंग जा," तो म्हणाला, आणि परत येऊन आपल्या जागी बसला.